भिंतीनें शांतता लाभते काय?

चोरदरोडेखोरांपासून रक्षण व्हावें म्हणून आपल्याकडे पूर्वी गांवाभोंवतीं जो तट घालीत, त्यास गांवकूस म्हणत. शब्दाचा अर्थ एवढाच असता तर त्याविषयीं बोलण्यासारखें विशेष कांहीं नव्हतें. परंतु ‘गांवकुसाबाहेर’ हा शब्द उच्चारतांच मराठी माणसाच्या मनांत जो अर्थ उभा राहतो, तो दगडमातीचा नसतो. गांवाचीं कष्टाचीं आणि घाणीचीं कामें ज्यांनीं करावयाचीं, त्यांनींच तटाच्या बाहेर राहावयाचें, हा तो अर्थ होय. पुढें ठिकठिकाणचे तट ढांसळले. तरी तो शब्द गेला नाहीं आणि त्यामागची वाटणीही सहजासहजीं गेली नाहीं.

आज ज्या विषयावर मी आपणांशीं बोलणार आहें, त्याचा या शब्दाशीं निकट संबंध आहे. शहरांत दंगल पेटली किंवा टोळीयुद्ध माजलें, कीं एखाद्या जबाबदार अधिकाऱ्यास अशी कल्पना सुचते कीं, ज्या गरीब वस्तींतून हा उपद्रव उद्भवतो, तिच्याभोंवतीं भिंतच कां घालूं नये? ही कल्पना वेडगळ माणसांची असती, तर ती सोडून देतां आली असती. पण पुष्कळदां ती शहाण्या व अनुभवी माणसांस सुचते. म्हणूनच तिचा शांतपणें विचार करणें अवश्य आहे. त्याकरितां आपण ब्राझील देशांतील रिओ दि जानेरो या शहराचें उदाहरण घेऊं, आणि नंतर पडताळा पाहण्यासाठीं उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहराकडे वळूं.

रिओची रचना मोठी विलक्षण आहे. एका बाजूस अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूस उभे कातळी डोंगर आणि त्यांवर दाट अरण्य. सपाट जमीन थोडी. ती सधन लोकांच्या वांट्यास आली आणि डोंगराचे उतार गरिबांच्या वांट्यास आले. उतारावरील अशा वस्तीस तेथें ‘फावेला’ म्हणतात. १८९७ सालीं कानुदूस येथील लढाईहून परतलेल्या शिपायांस सरकारकडून घरें मिळेनात. तेव्हां ते शहरांतील एका टेकडीवर राहूं लागले आणि रणभूमीजवळच्या टेकडीचें नांव त्यांनीं या टेकडीस दिलें, अशी या शब्दाची उपपत्ति सांगतात.

शहराच्या मध्यभागांत राहणाऱ्या गरिबांचें काय करावयाचें, या प्रश्नाला रिओच्या कारभाऱ्यांनीं निरनिराळ्या काळीं निरनिराळीं उत्तरें दिलीं. पहिलें उत्तर पाडण्याचें. १८९३ सालीं नगरपालिकेनें एक अवाढव्य चाळ पाडून तेथील कुटुंबें रस्त्यावर आणलीं. पुढें १९०३ ते १९०६ या काळांत महापौर पेरेरा पासुस यांनीं पॅरिसच्या धर्तीवर रुंद रस्ते काढण्याकरितां जुन्या शहरांतील चाळींच्या चाळी जमीनदोस्त केल्या. चाळी पडल्या, पण चाळींतला मजूर शहरास हवाच होता. कामापासून दूर जाणें त्यास परवडत नव्हतें. म्हणून तो डोंगरावर चढला.

दुसरें उत्तर हलविण्याचें. १९६० नंतरच्या बारा-तेरा वर्षांत, प्रथम राज्यपाल कार्लूस लासेर्दा यांच्या कारकीर्दींत आणि पुढें लष्करी राजवटींत, लाखाहून अधिक माणसें डोंगरावरून आणि सरोवराच्या कांठावरून उठवून शहराच्या दूरच्या टोंकास नव्या वसाहतींत नेऊन ठेवलीं. त्यांतील एका वसाहतीचें नांव ‘देवाचें नगर’. त्या नगरांत घर होतें, पण जवळपास काम नव्हतें. आणि जुन्या कामावर जावें, तर रोजगाराचा मोठा भाग प्रवासांतच खर्ची पडे. तीच वसाहत पुढें टोळ्यांच्या रक्तपातासाठीं जगभर गाजली. येथें अंतर हीच भिंत होती.

तिसरें उत्तर खरोखरीच्या भिंतीचें. तें समजण्यासाठीं रोसिन्या या वस्तीची माहिती हवी. रोसिन्या म्हणजे छोटें शेत. एके काळीं तेथें भाजीपाला पिकत असे, त्यावरून हें नांव पडलें. आज तेथें डोंगराच्या कुशीवर घरावर घर चढलेलें आहे. २०२२ च्या जनगणनेंत या एका वस्तींत ७२,०२१ माणसें आढळलीं, आणि तिचें क्षेत्रफळ एक चौरस किलोमीटरही भरत नाहीं. तिच्या एका अंगास गाविया आणि दुसऱ्या अंगास सां कोन्राद हे रिओचे अत्यंत श्रीमंत भाग आहेत. तेथील मोलकरणी, स्वयंपाकिणी, दरवान, माळी आणि गवंडी हे बऱ्याच अंशीं या डोंगरावरून उतरणारे लोक. वर, वस्ती जेथें संपते, तेथें अरण्य सुरू होतें.

एप्रिल २००४ मध्यें, ईस्टरपूर्वीच्या शुक्रवारीं पहाटें, विदिगाल या शेजारच्या वस्तीच्या बाजूनें आलेल्या एका टोळीनें रोसिन्यांतील टोळीवर हल्ला चढविला. भांडण कोकेनच्या व्यापाराच्या मालकीचें होतें. कांहीं दिवसांत दहा-बारा माणसें मेलीं. त्यांत भांडणाशीं ज्यांचा कांहींएक संबंध नव्हता असेही जीव होते. शेंकडों पोलीस वस्तींत शिरले. खालच्या श्रीमंत भागांत गोळीबाराचे आवाज ऐकूं जात होते आणि सारें शहर भयभीत झालें होतें. अशा वेळीं राज्याचे उपराज्यपाल लुईझ पावलो कोंदे यांनीं सूचना केली कीं, रोसिन्या, विदिगाल आणि लगतच्या दोन लहान वस्त्यांभोंवतीं तीन मीटर उंचीची भिंत बांधावी.

कोंदे हे पेशानें वास्तुशिल्पी होते आणि १९९७ ते २००० या काळांत त्याच शहराचे महापौर होते. इतकेंच नव्हे, तर १९९४ सालीं सुरू झालेल्या ‘फावेला-बाइरू’ या योजनेच्या मुख्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते. बाइरू म्हणजे शहराचा पेठ-मोहल्ला. फावेला ही शहराबाहेरची गोष्ट न मानतां तिला इतर पेठांसारखी एक पेठ बनवावी, तींत पाणी, गटारें, दिवे, जिने, रस्ते आणि शाळा न्याव्यात, हें त्या योजनेचें सूत्र होतें. आंतर-अमेरिकी विकास बँकेनें तिच्या पहिल्या टप्प्यास १८ कोटी डॉलरांचें कर्ज दिलें, आणि जगांतील नगररचनाकार ती पाहावयास येत. ज्या माणसानें डोंगर आणि शहर सांधण्यासाठीं वर्षेंच्या वर्षें वेंचलीं, त्याच्याच तोंडून दहा वर्षांनीं, गोळीबाराच्या आठवड्यांत, भिंतीची भाषा निघावी, यावरून भयाचा जोर किती असतो तें दिसून येईल.

त्यांच्या सूचनेमागें दोन कारणें होतीं आणि दोन्हीं विचारांत घेण्याजोगीं होतीं. एक असें कीं, टोळ्यांचे लोक अरण्यांतून येतात आणि पोलीस आले म्हणजे अरण्यांत पळतात. ती वाट बंद व्हावी. दुसरें असें कीं, वस्ती वर वर सरकत अरण्य गिळते. तिला सीमा हवी. दुसरें कारण विशेष महत्त्वाचें आहे. रिओचें हें अरण्य मुळांत कॉफीच्या मळ्यांनीं उजाड झालेल्या डोंगरांवर १८६१ पासून नव्यानें लावून वाढविलेलें आहे. शहराचे झरे त्यानें राखले. शिवाय पावसाळ्यांत उघडे पडलेले उतार घसरतात आणि त्याखालीं गाडलीं जाणारीं माणसें बहुधा गरिबांचींच असतात. तेव्हां अरण्यास सीमा असावी, हें म्हणणें कोणीही नाकारणार नाहीं.

परंतु भिंतीनें शांतता येईल, हें मात्र पहिल्याच प्रश्नास टिकत नाहीं. बंदुका डोंगरावर घडत नाहींत आणि कोकेन डोंगरावर पिकत नाहीं. दोन्हीं खालून, रस्त्यानें, येतात. माल घेणाऱ्या गिऱ्हाइकांपैकीं पुष्कळजण खालच्या सधन भागांत राहतात. रोसिन्याच्या मालकीसाठीं टोळ्या जिवावर उदार होतात, तें त्या गिऱ्हाइकांच्या पैशासाठीं. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, अशी जी आपली म्हण आहे, ती येथें पुरेपूर लागू पडते.

दुसरा प्रश्न दरवाजांचा. रोज सकाळीं हजारों माणसें डोंगर उतरून कामास जातात. तीं गेलीं नाहींत तर खालच्या घरांत चूल पेटणार नाहीं. म्हणून भिंतीस दरवाजे ठेवावेच लागणार. दरवाजा आला कीं पहारा आला, आणि पहारेकरी आला कीं कोण सज्जन आणि कोण गुंड हें त्यानें चेहऱ्यावरून आणि कपड्यांवरून ठरवावयाचें आलें. मग कामावर निघालेल्या गवंड्यानें आपला निरपराधीपणा रोज दोनदां सिद्ध करावा. ज्याच्याजवळ पैसा आणि शस्त्रें आहेत, त्यास पहारेकऱ्याशीं संधान बांधणें अवघड नसतें. अडतो तो ज्याच्याजवळ कांहींच नाहीं तो.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. टोळीयुद्धांत गोळी लागण्याचें भय सर्वांत अधिक कोणास? त्याच गल्ल्यांत राहणाऱ्या बायकामुलांस. शहर ज्यांना भितें त्यांच्याच शेजारीं हीं माणसें रोज जीव मुठींत धरून राहतात. भिंत घातली तर मारणारा आणि मरणारा दोघेही एकाच कुंपणांत कोंडले जातात, आणि जे आधींच सुरक्षित होते तेवढेच अधिक सुरक्षित होतात. शहर ‘आम्हांस वांचवा’ असें म्हणतें, तेव्हां या ‘आम्हां’मध्यें डोंगरावरच्या माणसाची गणना नसते. गांवकुसानें केलें तेंच ही भिंत करणार. फरक इतकाच कीं, गांवकूस सुखवस्तूंच्या भोंवतीं होतें आणि ही भिंत गरिबांच्या भोंवतीं.

कोंदे यांच्या सूचनेवर चोहोंकडून टीका झाली. कोणी तिला बर्लिनची भिंत म्हटलें, कोणी यहुद्यांच्या कोंडवाड्याची आठवण काढली. सूचना बारगळली. पण पांच वर्षांनीं, २००९ सालीं, राज्य सरकारनें तीच कल्पना केवळ अरण्यरक्षणाचें नांव देऊन पुन्हां पुढें आणली. चार कोटी रेआइस खर्चून अकरा वस्त्यांस भिंती घालावयाच्या ठरल्या, आणि सांता मार्ता या डोंगरी वस्तींत काम सुरूही झालें. तेव्हां नगरपालिकेच्याच संस्थेची मोजणी लोकांपुढें आली. १९९९ ते २००८ या काळांत रिओच्या सर्व फावेलांचें क्षेत्र शेंकडा ६·८८ वाढलें होतें. ज्या अकरा वस्त्यांस भिंती घालावयाच्या, त्यांची वाढ अवघी शेंकडा १·१८ होती. आणि जेथें पहिली भिंत उठत होती ती सांता मार्ता तर वाढण्याऐवजीं किंचित् आटलीच होती. वस्त्या जेथें खरोखर पसरत होत्या त्या बहुतेक दूरच्या, पश्चिमेकडील भागांत. भिंती मात्र मुख्यतः समुद्रकांठच्या श्रीमंत भागांलगत.

रोसिन्याच्या रहिवाशांनीं या वेळीं एक उत्तम गोष्ट केली. त्यांनीं आपल्यांतच मतदान घेतलें. मतदान लहान होतें, पण कौल स्पष्ट होता: हजाराहून अधिक मतें भिंतीविरुद्ध पडलीं आणि बाजूनें जेमतेम पन्नास. अरण्य राखावयास ते तयार होते. त्यांचें म्हणणें एवढेंच होतें कीं, सीमा दाखवावयाची तर ती पायवाटेनें आणि उद्यानानें दाखवा. सरकारास वाटाघाट करावी लागली. दरडीचा धोका असेल अशा जागीं भिंत आणि इतरत्र वाट व उद्यान, अशी तडजोड झाली.

याच सुमारास त्याच वस्तींत दुसरें एक काम चाललें होतें, त्याचा बोलबाला कमी झाला. रोसिन्यांत ‘चौथी गल्ली’ म्हणून एक बोळ होता; कांहीं ठिकाणीं तो इतका चिंचोळा कीं दोन माणसें समोरासमोर आलीं तर एकानें अंग चोरावें. तेथें ऊन नाहीं, वारा नाहीं. ब्राझीलमध्यें क्षयरोग ज्या थोड्या ठिकाणीं फार माजलेला होता, त्यांत रोसिन्याची गणना होत असे. सरकारनें तो बोळ रुंद करून रस्ता केला, आणि ज्यांचीं घरें त्यांत गेलीं त्यांतील पुष्कळांस जवळच नवीं घरें बांधून दिलीं. रस्ता झाला म्हणजे ऊन येतें, गटार घालतां येतें, रुग्णाची डोली दारापर्यंत येते आणि पोलीसही लपतछपत न येतां सरळ चालत येऊं शकतो. भिंतीच्या आणि रस्त्याच्या खर्चाची तुलना करतांना हा लाभही हिशेबांत धरावा.

रस्त्यांनीं सारें कांहीं सुधारलें असें मात्र मी म्हणत नाहीं. सप्टेंबर २०१७ मध्यें रोसिन्यांत पुन्हां टोळीयुद्ध भडकलें. त्या वेळीं ९५० सैनिकांनीं वस्तीस वेढा घातला. दगडांची भिंत झाली नव्हती, पण माणसांची झाली. आठवड्यानें वेढा उठला आणि गोळीबार पुन्हां ऐकूं येऊं लागला. वेढ्यानें आठवडा मिळतो, आणि कित्येकदां तो आठवडा मोलाचाही असतो. प्रश्न हा कीं, मिळालेल्या आठवड्यांत कोणी काय केलें?

येथें कोणी म्हणेल कीं, भिंत तात्पुरती घालावी आणि अशांतता ओसरतांच काढून टाकावी. हें म्हणणें समंजस वाटतें. म्हणून आतां बेलफास्टकडे वळूं.

ऑगस्ट १९६९ मध्यें बेलफास्टच्या फॉल्स आणि शँकिल या दोन मजूरवस्त्यांच्या सीमेवर दंगल उसळली. फॉल्स कॅथॉलिकांची, शँकिल प्रॉटेस्टंटांची, गरीब दोन्हींकडचे. १५ ऑगस्ट रोजीं जी गल्ली पेटविण्यांत आली, तिचें नांव ऐकून आपणांस नवल वाटेल: बाँबे स्ट्रीट, आपल्या मुंबईचीच गल्ली. सप्टेंबरांत ब्रिटिश सैन्यानें दोन वस्त्यांमध्यें कांटेरी तारा आणि पन्हळी पत्रे उभे केले. त्यास ‘शांततेची रेषा’ असें नांव मिळालें. ही व्यवस्था अगदीं तात्पुरती आहे, बर्लिनसारखी भिंत या शहरांत राहणार नाहीं, असें सेनापति सर इयन फ्रीलंड यांनीं सांगितलें होतें.

त्यांचा हेतु प्रामाणिक होता यांत शंका घेण्याचें कारण नाहीं, आणि त्या रात्रींपुरता त्या तारांनीं कित्येकांचा जीव वांचविला असेल. पुढें काय झालें तें पाहा. पत्र्यांच्या जागीं पक्की भिंत आली. भिंतीवरून दगड येऊं लागले म्हणून तीवर पत्रे चढले, पत्र्यांवर जाळी चढली. बर्लिनची भिंत २८ वर्षांनीं, १९८९ सालीं, कोसळली. बेलफास्टची तिच्याहून दीर्घायुषी ठरली. १९९८ सालीं राजकीय पक्षांत समेट झाला, तरी त्यानंतरही नव्या भिंती उठल्या. २०१२ सालीं एका संस्थेनें मोजले तेव्हां शहरांत लहानमोठे ९९ अडसर भरले. २०१३ सालीं तेथील सरकारनें दहा वर्षांत सर्व भिंती काढण्याचा संकल्प सोडला. २०२३ साल आलें आणि गेलें, भिंती उभ्याच होत्या. आणि बाँबे स्ट्रीट? ती पुन्हां बांधली गेली. पण भिंतीच्या पायथ्याशीं असलेल्या तिच्या घरांच्या मागल्या बाजूस, वरून पडणाऱ्या दगडविटांपासून बचाव व्हावा म्हणून, लोखंडी जाळ्यांचे पिंजरे करावे लागले.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट अशी कीं, आतां भिंतीलगत राहणाऱ्यांनाच भिंत हवीशी वाटते. २०१२ सालच्या एका पाहणींत शेंकडा ६९ जणांनीं, दंग्याचें भय आहे तोंवर ती हवी, असें सांगितलें. त्यांस दोष देणें सोपें आहे. पण पिंजऱ्याखालीं मुलें वाढविणारी आई दुसरें काय म्हणणार? पलीकडचा शेजारी तिनें कधीं पाहिलेलाच नाहीं. तिनें पाहिला तो फक्त त्याचा दगड. जें भय दोन-चार दिवसांचें होतें, तें भिंतीनें पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून ठेवलें.

श्रोतेहो, मोठ्या शहरांत अशांतता कधीं उद्भवणारच नाहीं, असें आश्वासन कोणी देऊं शकत नाहीं; आणि पेटलेल्या रात्रीं रस्ता अडविणें हें पोलिसांचें कर्तव्यही असूं शकेल. परंतु भिंतीची सूचना पुढें आली म्हणजे नागरिकांनीं कांहीं साधे प्रश्न विचारावे. भिंतीच्या आंत जे राहणार, त्यांस कोणी विचारलें आहे काय? दरवाजाची किल्ली कोणाच्या हातीं राहणार? ती काढण्याचा दिवस आज ठरला आहे काय, आणि तो टळल्यास जाब कोण देणार? आणि तितक्याच पैशांत किती बोळांत ऊन आणतां आलें असतें? या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं तर भिंतीचा विचार अवश्य करावा. रोसिन्याच्या लोकांनीं ते प्रश्न वेळेवर विचारले. म्हणून निदान कांहीं ठिकाणीं तरी तेथें भिंतीऐवजीं वाट झाली. बेलफास्टला दंग्याच्या धामधुमींत ते विचारावयास सवड झाली नाहीं, आणि अर्धशतक उलटलें तरी तेथील घरांवरचे पिंजरे निघालेले नाहींत.